हत्यार बाहेर, माणूस आत!



पनवेलच्या माझ्या कचेरीत एकाच आठवड्यात दोन प्रकरणे आली. दोन्ही पक्षकारांच्या तोंडी ‘हक्क’ हा एकच शब्द होता. परंतु त्या शब्दाची इतकी ओढाताण वीस वर्षांच्या वकिलीत मी क्वचितच पाहिली असेल.

पहिले गृहस्थ जमिनीच्या पैशाने अलीकडे सधन झालेले. विमानतळ आला, जमिनीचे भाव चढले आणि गृहस्थांच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल आले. एका मोठ्या दुकानसंकुलाच्या दारावर रखवालदाराने त्यांस अडविले आणि हत्यार आत नेता येणार नाही असे सांगितले. गृहस्थ संतापून म्हणाले, “परवाना मला सरकारने दिला आहे. हा दुकानदार कोण? माझ्या मूलभूत हक्कावर गदा आली आहे. नोटीस काढा!”

दुसरे दोघे तरुण आपल्यापैकीच. त्यांच्या घरांनी थोड्याच दिवसांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. हमरस्त्यावरील एका हॉटेलात ते चहासाठी शिरले. मालकाने गाव विचारले, मग वस्ती विचारली, आणि गल्ल्याजवळच्या पिस्तुलावर हात ठेवून तो म्हणाला, “हॉटेल माझे आहे. कोणाला बसवायचे ते मी ठरवीन.” तरुण चहा न घेताच उठले. माझ्याकडे आल्यावर त्यांनी फिर्यादीचे नावही काढले नाही. थोरला म्हणाला, “वकीलसाहेब, आम्हांलाही परवाना काढून द्या.”

दोन्ही ठिकाणी एक दार आहे, एक मालक आहे आणि एक पिस्तूल आहे. पहिल्या ठिकाणी मालकाने पिस्तूल अडविले. दुसऱ्या ठिकाणी पिस्तुलाच्या जोरावर मालकाने माणूस अडविला. पहिला मालक कायद्याच्या आत आहे, दुसरा कायद्याचा गुन्हेगार आहे. हा भेद आपल्या घराघरांत समजला पाहिजे, कारण तो न समजल्यामुळेच ते दोन तरुण न्यायालयाचा रस्ता सोडून हत्याराच्या दुकानाकडे निघाले होते.

प्रथम त्या सधन गृहस्थांचा ‘मूलभूत हक्क’ पाहू. घटनेत तो शोधून सापडणार नाही. एकोणिसाव्या अनुच्छेदाने एकत्र जमण्याचे जे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे दिले. ही चूक किंवा विसर नव्हे. शस्त्राचा हक्क घटनेत घालावा अशी सूचना घटना समितीत ह. वि. कामत यांनी रीतसर मांडली होती. त्यामागे इतिहास होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसास निःशस्त्र केले आणि गोऱ्यास मोकळे ठेवले, म्हणून १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. परंतु डिसेंबर १९४८ च्या आरंभी ती सूचना चर्चेस आली तेव्हा तिला नकार देण्यास कोण उभे राहिले? परमपूज्य बाबासाहेब! कोणीही बाजारात जावे, माणसावर हल्ला करण्याची हवी ती साधने विकत घ्यावी आणि राज्याने मध्ये पडू नये, अशी स्थिती आली तर राज्यकारभार चालेल कसा, हे आपल्या कल्पनेत बसत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. कामतांची सूचना फेटाळली गेली.

आता त्याच्या अगदी थोडेच दिवस आधीची तारीख पाहा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी त्याच सभागृहात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळे कोणासही मज्जाव होणार नाही, हे कलम मंजूर झाले. आज ते पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे उपकलम आहे. ‘दुकान’ म्हणजे काय, अशी शंका निघाली तेव्हा बाबासाहेबांनी तिचे निरसन केले. दुकान म्हणजे नुसता उंबरठा ओलांडू देणे नव्हे. सेवेच्या अटी मान्य करून जो येईल त्याला ती सेवा मिळाली पाहिजे, इतका व्यापक अर्थ त्यांनी त्या शब्दात भरला. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही त्याच दिवशी मंजूर झाले.

म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच पुरुषाच्या मार्गदर्शनाखाली, दुकानाचे दार माणसासाठी उघडले गेले आणि हत्यारासाठी हक्काचे दार बंद ठेवले गेले. आमचे सधन गृहस्थ या दोन्ही गोष्टी उलट्या करू पाहतात.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाची रचना याच विचारावर आहे. परवान्यावाचून बंदूक जवळ बाळगणे हा गुन्हा. परवाना म्हणजे त्या बंदीतून काही अटींवर मिळालेली सूट. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकानेही सार्वजनिक ठिकाणी हत्यार झाकून, म्यानात न्यावयाचे आहे. ते परजून दाखविण्यास बंदी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की अमेरिकेसारखा शस्त्राचा हक्क आपल्या घटनेत नाही. राज्याने दिलेली ही सूट राज्यापुरती आहे. ती दुसऱ्याच्या घराच्या वा दुकानाच्या दाराची किल्ली नव्हे. तेव्हा आपल्या आवारात हत्यार नको, असे मालक म्हणाला तर तो आपल्या अधिकारातच बोलतो.

येथे आपल्यातील काही जाणते कार्यकर्ते मला थांबवितात. ते म्हणतात, “वकीलसाहेब, मालकाच्या हाती ही काठी देऊ नका. आज तो पिस्तूल अडवील, उद्या त्याच अधिकाराने आम्हांस अडवील.” ही शंका पोकळ नाही, तिच्यामागे आपल्या पूर्वजांचा अनुभव उभा आहे. याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, १९२७ साली महाडला काय घडले? चवदार तळे नगरपालिकेचे, त्यावर गुरेढोरे पाणी पीत. पण आपले लोक पाणी प्याले तेव्हा प्रथम लाठ्या निघाल्या आणि मग मालकीचा दावा निघाला. तळे स्पृश्यांचे खाजगी आहे, असे दिवाणी न्यायालयात सांगण्यात आले आणि त्या डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूमही मिळविण्यात आला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल आपल्या बाजूने देईपर्यंत दहा वर्षे गेली. तेव्हा ‘खाजगी मालमत्ता’ हे शब्द कानी पडताच आपला माणूस सावध होतो, आणि त्याने सावध झालेच पाहिजे.

परंतु सावधपणा निराळा आणि गोंधळ निराळा. हत्यार घरी ठेवून माणूस परत येऊ शकतो; जात घरी ठेवून कोण परत येऊ शकेल? हत्यारावरील बंदी कृतीवरची आहे आणि ती सर्वांस सारखी आहे. वस्ती विचारून घातलेली बंदी जन्मावरची आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला आणि आज तीनशे-अ अनुच्छेदाखालील कायदेशीर हक्क म्हणून उरला आहे. पंधरावा आणि सतरावा अनुच्छेद मूलभूत हक्कांतच आहेत. यांत वडील कोण आणि धाकटे कोण, हे सांगण्यास वकील कशाला हवा? मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. ‘हत्यारास मनाई’ ही पाटी लावून मालक फक्त आपल्या पोरांच्या पिशव्या उपसत असेल आणि गावच्या बड्या घरचा मुलगा कमरेचे पिस्तूल मिरवीत आत जात असेल, तर त्या पाटीवर अक्षरे कोणतीही असोत, ती अस्पृश्यतेची पाटी आहे.

शस्त्राचे हक्कदार आपणांस अमेरिकेचा दाखला देतात. तो दाखला पुरता वाचू या. गुलामगिरी संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने कायदा केला की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी परवान्यावाचून बंदूक बाळगू नये. ज्या देशाच्या घटनेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क लिहिलेला, त्याच देशात ही गोष्ट झाली! जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. हक्क कागदावर सर्वांचा होता, पण परवाना देणारा हात एका वर्णाचा होता.

आणि दाराचे काय? जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अटलांटा शहरात लेस्टर मॅडॉक्स नावाच्या खानावळवाल्याने जेवावयास आलेल्या तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस हाती पिस्तूल घेऊन हाकलून लावले. त्याचे पाठीराखे कुऱ्हाडीचे दांडे घेऊन उभे होते. तोही हेच म्हणत होता की मालमत्ता माझी आहे. त्याच शहरातील एका मोठ्या हॉटेलाचा मालक तर न्यायालयात म्हणाला की कृष्णवर्णीयांस खोली देण्याची सक्ती ही माझ्यावर लादलेली गुलामगिरी आहे. गुलामांच्या नातवंडांसमोर हे बोलावयास जीभ कशी रेटली असेल! डिसेंबर १९६४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. मॅडॉक्सने शेवटी खानावळ बंद केली, पण दार उघडले नाही. आणि पुढे १९६७ साली तो जॉर्जिया राज्याचा गव्हर्नर झाला, हेही आपण विसरू नये. आज त्याच देशात उलटा वाद चालतो. मालकाच्या स्पष्ट संमतीखेरीज लोकांसाठी खुल्या असलेल्या खाजगी जागेत पिस्तूल नेऊ नये, असा कायदा हवाई राज्याने २०२३ साली केला, तर शस्त्राचे पुरस्कर्ते त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. माणसास दार उघडण्यासाठी ज्या देशात एवढे रण माजले, तेथे हत्यारास दार उघडण्यासाठीही माणसे तितक्याच त्वेषाने भांडतात.

आपल्याकडे तरी हत्याराने काय साधले? फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरात पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या दालनात, जमिनीच्या वादातून एका आमदाराने गोळ्या झाडल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वैमनस्यातून गोळीबार झाला. ही माणसे दुर्बल नव्हती, निराधार नव्हती. बंदूक आमच्याकडे प्रायः ज्याच्याजवळ जमीन आणि वजन आहे त्याच्याच कमरेला दिसते.

म्हणून त्या तरुणांस मी परवान्याचा अर्ज लिहून दिला नाही. ते रागावले. धाकटा म्हणाला, “त्याने बंदूक दाखवावी आणि आम्ही कागद दाखवावा काय?” मी म्हटले, होय, कारण त्याच्या बंदुकीचे मूळही कागदच आहे, आणि तो कागद रद्द होऊ शकतो. हल्ली ज्याच्या हाती दुसरे पिस्तूल सापडते त्यालाच पहिली बेडी पडते, आणि ते दुसरे पिस्तूल आपल्या पोराचे असणार, हे मी न्यायालयाच्या आवारात राहून शिकलो आहे.

अत्याचार प्रतिबंध कायद्याखालचे १९९५ चे नियम आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले आहेत. त्यांतील तिसरा नियम वाचा. जेथे अत्याचार घडण्याची भीती आहे अशी क्षेत्रे सरकारने निश्चित करावी. जरूर तर तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे व नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावी. बेकायदा शस्त्रे जप्त करावी. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी जरूर वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस परवाने द्यावे. शस्त्रांविषयीच्या या कलमांत परवाना देण्याचे कलम शेवटी आहे. आपले काही पुढारी व्यासपीठावरून तेवढेच वाचून दाखवितात, कारण त्याला टाळ्या पडतात. मी म्हणतो, आधी वरची कलमे मागा. ज्या वस्तीस खरोखरच जिवाचे भय आहे तिने शेवटचे कलमही मागावे. त्यात लाज नाही. पण हॉटेलातील चहाच्या पेल्यासाठी नव्हे.

त्या चहाच्या पेल्यासाठी कायदा १९५५ पासून उभा आहे. १९७६ साली तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने कडक झाला. त्याच्या चौथ्या कलमाने हॉटेलात मज्जाव करणे व सहाव्याने सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. सहाव्या कलमाखाली शिक्षा झाली तर त्या धंद्याचा परवानाच रद्द करण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. बाराव्या कलमाने, अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे मालकाने सिद्ध करावयाचे. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीने दुकानात येण्यास अडथळा करणे हा अत्याचार प्रतिबंध कायद्याखालीही गुन्हा ठरला आहे, आणि २०१८ पासून असा गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची जरूरी नाही.

नवदीक्षित कुटुंबांस येथे एक भीती असते. “आम्ही बौद्ध झालो, आता हे कायदे आम्हांस लागतील काय?” लागतील. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांस ते स्थान कायम मिळाले आहे. जात आपण सोडली. हॉटेलवाल्याने सोडली नाही, म्हणूनच हे संरक्षण आहे. मात्र जातीचा दाखला घरी तयार ठेवा. घटना घडल्यावर तहसील कचेरीत धावणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय.

सधन गृहस्थांची नोटीस मी काढली नाही. ते दुसऱ्या वकिलाकडे गेले असतील. त्या दोन तरुणांसाठी मात्र दोन कागद तयार केले. पहिला, पोलीस ठाण्यात फिर्याद: तारीख, वेळ, हॉटेलचे ठिकाण, मालकाने विचारलेला वस्तीचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, पिस्तुलावर ठेवलेला हात, आणि त्या वेळी शेजारच्या बाकावर बसलेल्या ट्रकचालकाचे नाव. दुसरा, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तो आयुक्तांकडे, बाहेर जिल्हादंडाधिकाऱ्याकडे द्यावयाचा. शस्त्र अधिनियमाच्या सतराव्या कलमाखाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी त्या मालकाचा परवाना रद्द करावा, ही त्यातील मागणी. दोन्हींची पोच घ्या आणि पोचेवर शिक्का पाहूनच कचेरी सोडा.