सुट्टी आणि समुद्र, दोन्ही जवळच

मे आला की आमच्या सातिवलीत घरोघरी गोव्याचे बेत शिजतात आणि खर्चाचा आकडा ऐकून तिथेच विझतात. आम्ही म्हणतो, विरारहून डहाणू लोकल पकडा. 2013 पासून ती धावते आहे. डहाणूहून रिक्षाने बोर्डी. सुरूची झाडं, लांबलचक सपाट किनारा. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की मुलांना ते शोधत चालावं लागतं. (भरतीची वेळ मात्र गावकऱ्यांना आधी विचारून घ्या.) डबा आणि चटई सोबत असली की जेवणाचा आणि जोहरच्या नमाजचा प्रश्न मिटतो. परतताना घोलवडचे चिकू घ्या, त्यांना भौगोलिक मानांकन आहे.

गाडीत मुलांना अल-मसूदीबद्दल सांगा. हा अरब इतिहासकार हिजरी 304 मध्ये चौलला आला होता. त्याच्या लिखाणात ठाणे आणि सोपाराही आहेत. सोपारा म्हणजे आपलंच नालासोपारा!

डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, कारखान्यांवर बंधनं आली, म्हणून ही शांतता उरली. आता त्याच तालुक्यात वाढवण बंदर होत आहे. 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. सरकार रोजगाराचं सांगतं, मच्छीमारांना मासेमारीची जागा जाण्याची भीती आहे. आम्हाला ती भीती खरी वाटते. तेव्हा यंदाच जाऊन या. सुकी मच्छी तिथल्या मावशींकडूनच घ्या, भाव फार पाडू नका, आणि आपला कचरा पिशवीत भरून घरी आणा.