संरक्षणाच्या नावाखाली कोंडवाडा

अल्पवयीन मुलगी परजातीच्या मुलाबरोबर घर सोडून गेली की पुढचा क्रम, भंडारा जिल्ह्यात काय किंवा इतरत्र काय, ठरलेला असतो. बाप ठाण्यात तक्रार देतो. दोघांना शोधून आणले जाते. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीची संमती ही संमतीच नव्हे, म्हणून मुलगा आरोपी होतो. मुलीवर कोणताच आरोप नसतो. तिला बालकल्याण समितीपुढे उभे करतात आणि घरी परतण्यास तिने नकार दिला की तिची रवानगी बालगृहात होते. आरोपीला निदान जामीन मागता येतो. निरपराध मुलीने तो कशाबद्दल मागावयाचा? बापाच्या स्वाधीन होणे किंवा अठरावा वाढदिवस उजाडणे, हेच बहुधा तिच्या सुटकेचे मार्ग उरतात.

हा भेद जुना आहे. १९६० चा केंद्रीय बालक कायदा आणि १९८६ चा बाल न्याय कायदा यांनी मुलाला सोळाव्या, तर मुलीला अठराव्या वर्षापर्यंत बालक मानले. २००० च्या कायद्याने ही तफावत मिटविली. दृष्टी मात्र कायम राहिली. मुलगा काही केले म्हणून अडकतो, मुलगी 'बिघडेल' म्हणून! सज्ञान झाल्यानेही कुलूप निघतेच असे नाही. वेश्याव्यवसायाच्या छाप्यात सापडलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना वर्षभर संस्थेत ठेवण्याचा दंडाधिकाऱ्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२० मध्ये रद्द करावा लागला.

अत्याचारातून सुटलेल्या वा बळजबरीच्या लग्नातून पळालेल्या मुलींना आसरा हवाच. परंतु बंद दरवाजा म्हणजे आसरा नव्हे, हे २०१८ साली बिहारातील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाने दाखविले; तेथे तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाले होते.

जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर, आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही साधने निर्माण झाली, अशी मांडणी डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात केली. ती साधने कायद्याने निषिद्ध ठरली. पहाऱ्याचे काम आता सरकारी कुलपाकडे आले आहे. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत अशोक मेहता लोकसभेवर निवडून आले, याची आठवण समाजवादी मंडळी आवर्जून काढतात. त्याच निवडणुकीत डॉ. आंबेडकर पराभूत झाले, हे जरा हळू आवाजात सांगितले जाते. आजही चिडलेल्या बापाबरोबर ठाण्याची पायरी चढणारा गावपुढारी पुष्कळदा पुरोगामी पक्षाचाच असतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ३७ वे कलम समजत्या वयाच्या बालकाची इच्छा विचारात घेण्यास सांगते. ५४ व्या कलमाप्रमाणे तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी संस्थेस भेट द्यावयाची असते. मुलींची नावे गुप्त राहावीत हे योग्यच. आकडे गुप्त असण्याचे कारण काय? निव्वळ घर सोडल्यामुळे किती मुली आत आहेत, किती महिने आहेत, त्यांची शाळा चालू आहे की बुडाली, याची माहिती कार्यकर्त्यांनी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे लेखी मागावी, आणि पुढच्या वेळी ठाण्यात जाताना बापाऐवजी मुलीच्या बाजूला उभे राहावे.