कथेची रोवणी

एका भाषेत गाजलेला चित्रपट दुसऱ्या भाषेत पुन्हा काढायचा, हा उद्योग आपल्या देशात फार जुना आहे. त्याला आता सर्वत्र ‘रिमेक’ म्हणतात. रिमेक निघाला की वाद ठरलेला असतो. मूळ चित्रपट चांगला की नवा? नायिका कोणती सरस? गाणी कोणाची गोड? या वादात मला फारसा रस नाही. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. खेड्यातली प्रेमकथा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेताना नेमके काय न्यावे लागते? धानाच्या प्रदेशात राहणाऱ्या आपणा सर्वांना याचे उत्तर खरे तर ठाऊक आहे. पऱ्हे उपटून नुसते दुसऱ्या बांधीत फेकले म्हणजे रोवणी होत नाही. चिखल करावा लागतो, पाणी बांधावे लागते, तेव्हा कुठे रोप मूळ धरते.

प्रथम दक्षिणेकडचे उदाहरण घेऊ. १९७७ साली भारतीराजा या नव्या दिग्दर्शकाचा ‘पदिनारु वयदिनिले’ हा तमिळ चित्रपट आला. शिकलेल्या शहरी नवऱ्याचे स्वप्न पाहणारी सोळा वर्षांची मयिल, तिच्यावर जीव लावणारा आणि साऱ्या गावाच्या चेष्टेचा विषय झालेला लंगडा चप्पाणी, आणि गावातला उनाड परट्टै अशी ही तीन माणसे. भूमिका श्रीदेवी, कमल हासन आणि रजनीकांत यांच्या. तमिळ चित्रपटाला स्टुडिओच्या भिंतींबाहेर काढून उघड्या रानात नेणारी कृती म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. दुसऱ्याच वर्षी, १९७८ मध्ये, के. राघवेंद्र राव यांनी तीच कथा ‘पदहारेळ्ळ वयसु’ या नावाने तेलुगूत आणली. नायिका तीच, श्रीदेवी. बाकी मांडणी मात्र तेलुगू: चंद्रमोहन आणि मोहनबाबू हे नट, चक्रवर्तींचे संगीत, वेटूरींची गीते. हा चित्रपट तेथेही चांगला चालला. मग १९७९ मध्ये हिंदीत ‘सोलवा सावन’ आला. येथे तर नायिकाही तीच आणि दिग्दर्शक स्वतः भारतीराजा. सोबत अमोल पालेकर आणि जयदेवांचे संगीत. तरी तो पडला.

यशापयशाचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. पण मूळ दिग्दर्शक आणि मूळ नायिका सोबत नेली म्हणजे गावही सोबत येते असे नाही, एवढे यावरून दिसते. गंमत अशी की मूळ तमिळ चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण कर्नाटकात, म्हैसूर आणि कोळ्ळेगाल भागात झाले होते. तमिळ प्रेक्षकांना जे गाव आपले वाटले, ते नकाशावर तमिळनाडूत नव्हतेच! ते होते पात्रांच्या बोलण्यात, टिंगलीत, कोणी कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो यात. तेलुगू माणसाने तेलुगू माणसांसाठी केलेल्या चित्रपटात असे गाव पुन्हा उभे राहू शकते. हिंदी चित्रपटातला गावकरी कोणत्या जिल्ह्याचा, हे मात्र बहुधा कोणी विचारतच नाही.

आता आपल्या मराठीकडे येऊ. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याची कथा येथे सांगत बसत नाही. ज्याने तो पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या वर्गात सापडणे कठीण. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, आणि चित्रपटातला मुलूखही तोच. अर्ची पाटलाची मुलगी, तिचे वडील राजकारणातले बडे प्रस्थ. परश्या मासे धरणाऱ्याचा मुलगा. या दोघांमधले अंतर किती हे सांगायला दिग्दर्शकाने भाषण ठोकले नाही. पाटलाचा मुलगा भर वर्गात नव्या प्राध्यापकाच्या कानशिलात मारतो आणि त्याचे काहीही बिघडत नाही, एवढे दाखवले की पुरे. गावात कोणाचा हात कोणाच्या गालापर्यंत पोहोचू शकतो, हे प्रेक्षकाला समजते. पुढे ती दोघे हैदराबादच्या झोपडपट्टीत जाऊन राहतात तेव्हा त्यांच्या भीतीचे कारण प्रेक्षकाला पुन्हा सांगावे लागत नाही.

या चित्रपटाचे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी असे रिमेक निघाले. कन्नड ‘मनसु मल्लिगे’मध्ये रिंकू राजगुरूच नायिका होती. हिंदीतला ‘धडक’ २० जुलै २०१८ रोजी आला. दिग्दर्शक शशांक खेतान, नायक ईशान खट्टर आणि नायिका श्रीदेवींची कन्या जान्हवी. आईने एकच खेडवळ मुलगी तीन भाषांत साकारली होती. मुलीचे पदार्पणही अशाच एका रिमेकमधून झाले. ‘धडक’ने धंदाही बरा केला. पण करमाळ्याचे उदयपूर झाले, हैदराबादचे कोलकाता झाले, मासे धरणाऱ्याचा मुलगा उपाहारगृहवाल्याचा मुलगा झाला, आणि या सर्व देवघेवीत जात पार मागे सरकली. राजस्थानात जातीचा प्रश्न नाही असे कोण म्हणेल? तिथली जात, तिथली जमीन, तिथली हवेली हे सारे हाताशी असताना मुलीच्या बापाचा राग केवळ श्रीमंताचा आणि पुढाऱ्याचा राग होऊन बसला. ‘झिंगाट’ची चाल मात्र जशीच्या तशी घेतली. ‘सैराट’च्या शेवटी ती दोघेही मारली जातात आणि मागे राहते ते लहान मूल. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल जाते, नायिका उरते. धक्का दोन्हीकडे बसतो. पण ‘सैराट’चा धक्का पहिल्या दृश्यापासून रचलेला आहे, ‘धडक’चा वरून आदळतो.

यावर कोणी म्हणेल, रिमेक हा व्यापार आहे, समाजशास्त्राचा प्रबंध नव्हे. करमणुकीसाठी आलेल्या माणसाला जातीपातीचा हिशेब कशाला? हा आक्षेप मी थट्टेवारी नेत नाही. निर्मात्याचे पैसे गुंतलेले असतात हे खरेच. पण ज्या ‘सैराट’वर मराठी चित्रपटाच्या इतिहासात कधी झाली नव्हती इतकी कमाई झाली, तो काय जात झाकून चालला होता? शिवाय हिंदीला हे जमतच नाही असेही नाही. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तमिळ चित्रपटावरून २०२५ मध्ये ‘धडक २’ निघाला. त्यात विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या दलित मुलाची जात उघडपणे उच्चारली आहे.

आणि आपल्याकडे तर याचा वस्तुपाठच आहे. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’ हा १९३० च्या ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन बोलपटावरून सुचला. पण तिथल्या नाचगाण्याच्या कॅबरेचा येथे तमाशाचा फड झाला, आणि तिथला शिस्तखोर मास्तर येथे गावाने देवासारखा पुजलेला गुरुजी झाला. हा गुरुजी अखेरीस आपल्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगतो, कारण गावापुढचा आदर्श त्याला मोडायचा नाही. हे कारण आपल्या मातीतले आहे. म्हणून डॉ. लागूंचा गुरुजी कोणाला उसना वाटला नाही.

मग मी मनाशी एक खेळ मांडून पाहिला. ‘सैराट’ आपल्या गोंदिया जिल्ह्यात रोवायचा झाला तर? हा उसाचा मुलूख नाही. मुलीचा बाप धानाच्या बांध्यांचा मालक असेल, राईस मिलवाला असेल, सहकारी संस्थेवर त्याचे वजन असेल. मुलगा ढिवराचा असेल. भांडणाची जागा शोधायला लांब जायला नको. नवेगावबांधपासून गावोगावच्या मामा तलावांपर्यंत ती पसरलेली आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण तलावाचे पाणी कोणाचे हा प्रश्न मिटला नाही. शेतकऱ्याला धानासाठी तुडूम उघडायचा असतो. ढिवराला उन्हाळ्यापर्यंत मासोळीपुरते पाणी राखायचे असते. एकाच तलावाच्या दोन काठांवरची ही दोन घरे. आणि पळून जाणारी जोडी गोंदिया जंक्शनवरून बल्लारशाहची गाडी धरील, कारण मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या पूर्व विदर्भातल्या मजुरांना दक्षिणेची वाट अनोळखी नाही. पाहा, कथेचा एक सांधाही मोडला नाही आणि सारे कसे आपले झाले!

पण ही जोडी बोलेल कोणत्या भाषेत? येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. झाडीपट्टीची रंगभूमी हा आपला अभिमानाचा विषय. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या दिवसांत गावोगाव रात्रभर नाटके होतात, तिकीट काढून हजारो लोक बसतात. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत प्रेम करतात. झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. ‘डोळा’चा ‘डोरा’ झाला, ‘पाणी’चे ‘पानी’ झाले की प्रेक्षागृहात हशा! आपल्या स्नेहसंमेलनातही तेच. ग्रामीण एकांकिका बसवायची ठरली की आपली पोवारी, हिंदी किंवा झाडीबोली बोलणारी मुले एकदम कोल्हापूर-साताऱ्याकडची रांगडी बोली बोलू लागतात. आपण कधीही न पाहिलेल्या गावाचा हा रिमेकच झाला, आणि तोही पऱ्हे फेकून केलेला.

‘सैराट’ने आपल्याला काय शिकवले? मला तर एवढेच दिसते की त्यात प्रेम करणारी माणसे आपल्याच बोलीत प्रेम करतात, आपल्याच बोलीत भांडतात आणि कोणी त्यांना हसत नाही. अर्ची ट्रॅक्टर चालवते म्हणून ती आपल्याला आवडली. पण ती बोलायला लागली की कोणापुढेही दबत नाही, हे त्याहून मोठे. ती हिंमत आपल्या मुलुखातल्या मुलीच्या तोंडी ‘डोरा’ म्हणताना का असू नये? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, बोलीतून साहित्य लिहिले जात आहे. रंगमंचावर मात्र ती अजून विदूषकाचीच भाषा आहे.

‘धडक’ला नावे ठेवणे सोपे आहे, त्यांनी परक्याची कथा घेऊन जात वगळली. आपण आपली कथा घेऊन बोली वगळतो. म्हणून येत्या स्नेहसंमेलनासाठी माझी आपल्या नाट्यमंडळाला एकच सूचना आहे. कथा तमिळ घ्या, तेलुगू घ्या, करमाळ्याची घ्या. पण तिचे भांडण आपल्या तलावाच्या पाळीवर आणा, आणि नायिकेला झाडीबोलीत बोलू द्या. पहिल्या वाक्याला प्रेक्षक हसतील. पाचव्या वाक्यापर्यंत ते गप्प होतात की नाही, ते आपण सर्व मिळून पाहू.