परवाना आहे, पण कुठपर्यंत? गाडीतून शस्त्र परराज्यात नेण्यापूर्वी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, धुळे, शिरपूर आणि मग पळासनेर. इथे महाराष्ट्र संपतो आणि इंदूरचा रस्ता मध्य प्रदेशात शिरतो. गाडीच्या कागदपत्रांना ही हद्द आडवी येत नाही. गाडीत परवान्याचे पिस्तूल असेल, तर मात्र येऊ शकते.

परवाना देशभर चालतो का?
नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यावरच त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. आपल्याकडे शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात. तो जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकतो. देशभराची मुभा सहज मिळत नाही.

मग परराज्यात कसे न्यायचे?
निघण्यापूर्वीच परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे क्षेत्र वाढवून घेण्यासाठी किंवा प्रवासापुरत्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. ‘लग्नाला चाललोय’ हे कारण नाक्यावर चालत नाही.

गाडीत कसे ठेवावे?
• पिस्तूल, रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि लांब नळीची बंदूक कव्हरमध्ये असावी. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र मिरवण्यास मनाई आहे.
• परवाना सोबत हवा आणि त्यावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर हवा. पोलिसांनी मागितल्यास परवाना दाखवणे बंधनकारक आहे.
• काडतुसे परवान्यातील मर्यादेतच असावीत.
• मालक सोबत नसताना चालकाच्या हाती शस्त्र पाठवू नये. दुरुस्ती, नूतनीकरण किंवा मालकाच्या वापरासाठी दुसऱ्याला ते नेता येते. पण मालक हजर नसेल, तर त्याचे लेखी अधिकारपत्र लागते.

वाटेत आणखी काय आडवे येते?
महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू असेल, तर त्या भागात शस्त्र बाळगून फिरण्यास बंदी असू शकते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करावे लागू शकते.

चूक झाली तर?
परवान्याच्या अटीचा भंग झाल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवाना निलंबित किंवा रद्दही होतो. विनापरवाना शस्त्र सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कैद आहे. मुदत संपलेला परवाना खिशात असून उपयोग नाही.

तपासणी इतकी कडक का?
मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी गाव जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून आहे. गावठी कट्ट्यांच्या प्रकरणांत या गावाचे नाव वारंवार येते. त्यामुळे सीमेवर शस्त्र दिसले की पोलीस आधी संशयानेच पाहतात. दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीडमधील शस्त्र परवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. फेरतपासणीत तिथे अनेक परवाने रद्द झाले. परवाना हा हक्क नाही, अटींवर दिलेली मुभा आहे, हे त्यातून पुन्हा दिसले.

थोडक्यात, गाडी सुरू करण्यापूर्वी परवान्यावरील तीन गोष्टी पाहाव्यात : क्षेत्र, मुदत आणि काडतुसांची संख्या. त्यात परराज्याचा उल्लेख नसेल आणि प्रवासापुरता परवानाही नसेल, तर शस्त्र घरी कुलपात ठेवून निघणेच शहाणपणाचे.