स्ट्रायकर नंतर, आधी पगार

गेले दोन महिने आमच्या व्हॉट्सॲप गटावर रोज एक नवी यादी येते. ब्राझीलचा एक स्ट्रायकर, उझबेकिस्तानचा एक मिडफिल्डर, सेनेगलचा एखादा सहा फुटी बचावपटू. कुणीतरी त्यांचे व्हिडिओ पाठवतं, कुणी "हाच हवा" म्हणतं, तर कुणी "याच्यापेक्षा आमच्या मोहल्ल्यातला बरा" म्हणून हसतं. मोहमेडन स्पोर्टिंगच्या चाहत्यांचा उन्हाळा असाच जातो. मैदान रिकामं असतं आणि आमच्या डोक्यात अकरा जणांचे संघ तयार होत असतात.

यंदा मी एकही यादी पाठवली नाही. मित्रांनी कारण विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक खुलासा. कोलकात्याच्या क्लबसाठी भिवंडीतला माणूस का झुरतो, असं मला नेहमी विचारतात. उत्तर अब्बांपाशी आहे. अब्बा लूमवर काम करायचे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप भरायचा, त्या दिवसांत एखाद्या सुट्टीला ते कल्याणहून गाडी पकडून जायचे. मोहमेडनने हा कप १९८०, १९८४ आणि १९८७ साली जिंकला. त्यातल्या शेवटच्या वर्षी त्यांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं. मला सामना आठवत नाही, काळा-पांढरा शर्ट आठवतो आणि परतीच्या गाडीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेले अब्बा आठवतात. रोव्हर्स कप बंद पडून आता वीस-पंचवीस वर्षं होतील. शर्टाचं वेड मात्र सुटलं नाही.

आता २०२४-२५ च्या हंगामाचा हिशेब मांडू. एप्रिल २०२४ मध्ये शिलाँगला लाजोंगला २-१ हरवून आपण आय-लीग जिंकलो आणि इंडियन सुपर लीगमध्ये गेलो. १८९१ साली स्थापन झालेला क्लब अखेर देशाच्या पहिल्या फळीत परतला म्हणून आम्ही मिठाई वाटली. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २४ सामने, २ विजय, १३ गुण आणि तक्त्यात तळाची जागा. जिंकलो ते चेन्नई आणि बंगळुरूत, दोन्ही वेळा १-०. कोलकात्याच्या घरच्या मैदानावर हंगामभर एकदाही जिंकलो नाही.

पण आकडे सगळं सांगत नाहीत. सुरुवात आठवा. पहिल्या सामन्यात नॉर्थईस्टने अगदी शेवटच्या क्षणी गोल केला. दुसऱ्यात गोव्याने शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली. तिसऱ्यात चेन्नईत जाऊन आपण जिंकलो. हा संघ उभा राहू शकत होता. मग नोव्हेंबरात ईस्ट बंगालशी सामना झाला. तिसाव्या मिनिटापर्यंत त्यांचे दोघे लाल कार्ड घेऊन बाहेर गेले होते. तासभर आपले अकरा विरुद्ध त्यांचे नऊ, आणि निकाल ०-०. त्या रात्री गटावर सगळ्यांनी एकच निदान केलं: स्ट्रायकर नाही.

निदान चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. जानेवारीत पगार थकल्याच्या बातम्या आल्या. खेळाडूंनी सरावाला नकार दिल्याचं वाचलं. महिनाअखेरीस प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह थकलेल्या पगाराचं कारण सांगून निघून गेले. हाच माणूस २०२१ मध्ये आला तेव्हा चाळीस वर्षांनी आपण कलकत्ता लीग जिंकलो होतो. मध्ये गेला, पुन्हा आला आणि आय-लीग जिंकून दिली. त्याचे डावपेच सगळ्यांना पटत नव्हते, मलाही नाहीत. पण आपल्या इतिहासातल्या एका मोठ्या यशाचा शिल्पकार पगारासाठी भांडून गेला, यात डावपेचांचा संबंध कुठे आला?

भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लूमवर पंधरवड्याला हिशेब व्हायचा. एका सेठने तो दोनदा पुढे ढकलला, तेव्हा अब्बा कामावर जात होते, पण मागाकडे पूर्वीसारखं लक्ष नव्हतं. तुटलेला धागा जोडायला ते पूर्वी धावायचे, आता चालत जायचे. घरी अम्मी किराणा दुकानाच्या वहीचं पान झाकून ठेवायची. पगार थकलेला माणूस आळशी होत नाही, त्याचं मन कामातून उठतं. फुटबॉलमध्ये हे अर्ध्या सेकंदात दिसतं. परत धावायचं की नाही, चेंडूवर झेप घ्यायची की नाही, हा निर्णय पाय घेतात, पण पायांना हुकूम मनाकडून जातो. जानेवारीनंतरचे सामने या नजरेने पुन्हा पाहा.

म्हणून माझी यंदाची यादी वेगळी आहे.

पहिलं नाव कोचचं. चेर्निशोव्हनंतर मेहराजुद्दीन वाडूने संघ सांभाळला. काश्मीरचा हा माणूस भारताकडून खेळलेला बचावपटू आहे आणि आपल्या क्लबशी त्याचा जुना संबंध आहे. त्याच्या हाती संघ आला तेव्हा हंगाम हातचा गेला होता आणि खेळाडूंचं मन उडालं होतं. त्यावर त्याची परीक्षा घेऊ नये. गटावर युरोपातली नावं फिरत आहेत. माझं म्हणणं, वाडूला दोन हंगाम द्या आणि त्याला तसं लेखी द्या.

हे भावनेतून नाही, उदाहरणावरून म्हणतो. खालिद जमील मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेला माणूस. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असा खेळाडू म्हणून प्रवास, नंतर मुंबई एफसीचाच प्रशिक्षक. तिथे वर्षानुवर्षं कमी पैशांत संघ तगवून ठेवायचं काम त्याने केलं. २०१७ मध्ये त्याने आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. आधीच्या हंगामात आयझॉल घसरणीच्या जागेवर होता, दुसऱ्या क्लबांनी माघार घेतली म्हणून लीगमध्ये टिकला होता. २०२४-२५ च्या हंगामात त्याच जमीलने जमशेदपूरला सुपर लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात नेलं. कमी पैशांतल्या संघाला काय झेपतं, हे जाणणारा भारतीय प्रशिक्षक असतो, हे यातून कळतं. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, संघाची बांधणी. आपल्याला इतिहासाचा फार अभिमान आहे. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं कलकत्ता लीग. त्याआधी एकाही भारतीय क्लबने ती जिंकली नव्हती. १९४० मध्ये ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून डुरंड आणि त्याच वर्षी रोव्हर्स. हे आकडे आमच्या मुलांनाही पाठ आहेत. पण ते कसं घडलं हे फार थोडे सांगतात. त्या वेळच्या लोकांनी दोन साधी कामं केली. चांगला खेळाडू कोलकात्यातच मिळेल असं न मानता बंगळुरूपासून वायव्येकडच्या शहरांपर्यंत माणसं शोधली. आणि बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत असताना पावसाच्या चिखलात आपल्या मुलांच्या पायांत बूट घातले. नशिबावर आणि जोशावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. घसरू नये म्हणून काय करावं, एवढा विचार केला.

आजचे बूट कोणते? माझ्या मते मिझोराम, मणिपूर आणि बंगालच्या जिल्ह्यांतली विशी-बाविशीची मुलं. चेन्नईतला आपला तो विजयी गोल लालरेमसांगा फनाईचा होता, आठवतो ना? आयझॉलच्या त्या विजेत्या संघात काय होतं? बरीचशी घरचीच मुलं. सहा परदेशी नावांवर तिजोरी रिकामी करण्यापेक्षा तीन परदेशी घ्या: मागे एक खमका सेंटर-बॅक, मध्ये चेंडू धरून ठेवणारा एक, पुढे गोल करणारा एक. उरलेल्या पैशांतून दहा तरुणांशी तीन वर्षांचे करार करा. यात चमक नाही, विमानतळावर हार घालायला गर्दी होणार नाही. पण २४ सामन्यांत पंचवीसदा नव्याने संघ जुळवायची वेळ येणार नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळं पगारावर उभं आहे. खेळाडूची बाकी राहिली की तो दाद मागतो, निकाल क्लबविरुद्ध गेला आणि तरी पैसे दिले नाहीत तर नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येऊ शकते. म्हणजे जुनी उधारी फेडली नाही तर यादीतलं एकही नाव मैदानावर उतरणार नाही. शिवाय ड्रेसिंग रूममधल्या गोष्टी एजंटांमार्फत जगभर पोचतात. ज्या दुकानाची उधारी गावभर झाली, त्याला घाऊक व्यापारी माल देत नाही.

यावर एक उत्तर मिळतं: "लीगच होणार की नाही ठाऊक नाही, पैसे कोण घालणार?" हे उत्तर खोटं नाही. ११ जुलै २०२५ ला लीग चालवणाऱ्या कंपनीने पुढचा हंगाम थांबवून ठेवला. महासंघाशी असलेला तिचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. साऱ्याच क्लबांचे हात बांधलेले होते. पण उद्याची लीग अनिश्चित असली म्हणून कालची मजुरी अनिश्चित होत नाही. झालेल्या कामाचे पैसे पुढच्या कामावर अवलंबून नसतात.

दुसरं उत्तर मला जास्त बोचतं. गटावरच एका ज्येष्ठांनी लिहिलं, "भाई, आपल्याच क्लबची धुणी चारचौघांत का धुता? बाहेरचे आधीच टपलेले आहेत." त्यांचं दुःख मी समजू शकतो. आपल्या क्लबच्या नावावरून स्टेडियममध्ये आणि फोनवर जे बोललं जातं, ते मीही ऐकलं आहे. सामना फुटबॉलचा असतो आणि टोमणा भलत्याच देशाचा. त्या टोमण्याला उत्तर देण्यासाठी आपण क्लबभोवती कडं करतो. पण त्या कड्याच्या आत कोण सुरक्षित राहतो, हेही पाहायला हवं. खेळाडू नाही. त्यात मिझो ख्रिस्ती मुलं आहेत, बंगाली हिंदू-मुसलमान आहेत, लांबून पोटासाठी आलेले परदेशी आहेत. आपल्या गप्प बसण्याने सोय झाली ती हिशेब न देणाऱ्यांची.

आणि नाव कुणाचं लावलं आहे, याची आठवण ठेवू. ज्यांच्या नावाने हा क्लब ओळखला जातो, त्यांनी मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यायला शिकवलं, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात कितीदा ऐकलं आहे. करार पाळणं हा आपल्याकडे सोयीचा प्रश्न नाही, ईमानाचा आहे. मोहमेडन हरला तर माझं मन दुखतं. मोहमेडनने कुणाची मजुरी बुडवली तर मान खाली जाते. हरण्यापेक्षा ते वाईट.

आपण आधीही इथवर आलो आहोत. २०१३-१४ च्या एकाच हंगामात आपण डुरंड आणि आयएफए शिल्ड जिंकले आणि त्याच हंगामात आय-लीगमधून खालीही गेलो. कपांचे फोटो आजही फिरतात, घसरणीची चर्चा होत नाही. कप जोशावर येतात, लीग कारभारावर टिकते.

म्हणून चाहत्यांना माझं सुचवणं एवढंच. संघाला भरभरून पाठिंबा देऊ. पण क्लबच्या पानावर "साइन करा" लिहिण्याआधी सगळ्यांनी एक प्रश्न लिहावा: मागची बाकी किती आणि कधी देणार? सदस्य असलेल्यांनी हाच प्रश्न सभेत विचारावा, लेखी उत्तर मागावं. गुंतवणूकदार आणि पदाधिकारी यांच्यात कुणाचा हिस्सा किती, हा त्यांचा वाद आहे. खेळाडूला त्या वादाशी देणंघेणं नसावं.

अब्बांना परवा हे सगळं सांगितलं. आता त्यांना फोनवरचे सामने नीट दिसत नाहीत, निकाल मात्र विचारतात. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोरांना पैसे मिळाले का?"

नवा स्ट्रायकर कोण, हे त्यांनी विचारलं नाही.