पाठीचा कणा आणि गरीब देश



वाकडी झालेली पाठ शस्त्रक्रियेने सरळ करता येते, हे आता नवल राहिलेले नाही. ही शस्त्रक्रिया आपल्या आफ्रिका खंडातही होते. घानात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव मिळविलेले सर्जन डॉ. ओहेनेबा बोआची-अजेई यांनी १९९८ मध्ये ‘फोकोस’ ही संस्था स्थापन केली. आरंभी ते परदेशी पथके घेऊन घानात जात, शस्त्रक्रिया करीत आणि परत येत. पुढे २०१२ मध्ये आक्रा शहराजवळ संस्थेचे स्वतःचे ५० खाटांचे रुग्णालय उभे राहिले. इथिओपियासारख्या दूरच्या देशातली मुलेही तेथे उपचारासाठी गेली आहेत.

पथके येत होती, मग रुग्णालयाची गरज का भासली? याचे उत्तर या शस्त्रक्रियेच्या स्वरूपातच आहे. मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवितात, तेव्हा मज्जारज्जू अगदी शेजारी असतो. थोडी चूक झाली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून क्ष-किरणांचे यंत्र चालू स्थितीत हवे, भूल देणारा तज्ज्ञ हवा, रक्तपेढीत पुरेसे रक्त हवे आणि वीज मध्येच जाता कामा नये. पाठ फारच वाकलेली असेल तर आधी कित्येक आठवडे डोक्याला कडे बसवून कण्याला हळूहळू ताण द्यावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर जखमेची काळजी, व्यायाम आणि वेळोवेळी तपासणी ही आलीच. या साखळीतील एक कडी तुटली तरी कुशल सर्जनचे हात व्यर्थ जातात. पाहुण्या पथकाचे विमान उडाल्यावर या कड्या कोणी सांभाळायच्या, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गरीब देशांत कण्याचा क्षयरोग अजून पुष्कळ आढळतो. तो वेळीच ओळखला तर बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात. भारतात वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ मांडला. औषधे सर्वांना द्यावीत, शस्त्रक्रिया मात्र ज्याला खरोखर गरज आहे त्याचीच करावी, असा त्याचा अर्थ. जेथे शस्त्रक्रियागृहे मोजकी आहेत, तेथे हे मोठेच शहाणपण होय.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये सांगितले की, जगातील ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. ही उणीव नुसत्या दानाने भरून निघणार नाही. पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेतील सर्जनांचे महाविद्यालय १९९९ मध्ये स्थापन झाले. ते डॉक्टरांना त्यांच्याच भागातील रुग्णालयांत शिकविते. हा मार्ग संथ आहे, पण टिकणारा आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याने एक आदर्श पाठ घेतला म्हणून शाळा वर्षभर चालत नाही; त्यासाठी रोज वर्गात उभा राहणारा शिक्षक लागतो. रुग्णालयाचेही तसेच आहे.

आपल्या मॉरिशसमध्ये सरकारी रुग्णालयांत उपचार विनामूल्य मिळतात, तरी काही कठीण शस्त्रक्रियांसाठी रुग्णांना भारतात जावे लागते. तेव्हा हा विषय आपल्यालाही परका नाही. पाहुण्या डॉक्टरांचे स्वागत जरूर करावे. पण जाताना ते येथे किती जणांना शिकवून गेले, हेही विचारावे. आणि घरातल्या मुलाची पाठ सतत दुखत असेल किंवा एक खांदा वर दिसत असेल, तर ‘वाढत्या वयाचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. वेळीच तपासणी झाली तर पुढची मोठी शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते.