पिल्लू माणसाळण्याचे दिवस

'माणसाळणे' हा मराठीतला फार चांगला शब्द आहे. जनावराला माणसाची भीती वाटेनाशी होणे, एवढाच त्याचा अर्थ. कुत्र्याच्या बाबतीत मात्र या माणसाळण्याला मुदत असते आणि ती फार थोडी असते. साताऱ्यात काय, सांगली-मिरजेत काय, आपल्या मोहल्ल्यांत भटक्या कुत्र्यांच्या तक्रारी रोज ऐकू येतात. या मुदतीविषयी मात्र कोणी बोलत नाही.

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ऐकू येऊ लागते. तिथून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे निवांतपणे समोर येते, त्याची भीती पुढे सहसा वाटत नाही. या काळात जे दिसलेच नाही किंवा मार घेऊन आले, त्याची भीती सहजासहजी जात नाही. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, माणसांचा सहवास न मिळता चौदा आठवडे वाढलेली पिल्ले पुढे माणसाला जवळ येऊ देईनात.

आपल्याकडच्या धनगरांना हे कोणी शिकवावे लागले नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत मेंढरांमागे फिरणारे कुत्रे लहानपणापासून कळपातच वाढते, कोकरांशेजारी झोपते. म्हणून मोठेपणी ते मेंढरू राखते. मी उर्दूच्या तासाला 'सोहबत' शिकवते आणि मराठीच्या तासाला 'संगत'. दोन्हींचा अर्थ त्या पिल्लाला आपल्या आधी कळतो.

आता आपल्या गल्लीत पाहा. पावसाळा सरला की वाळूच्या ढिगाआड एखादी कुत्री व्यालेली असते. महिन्याभरात पिल्ले रस्त्यावर येतात. कोणी दगड मारते, कोणी शेपटीला फटाका बांधते. मोठी माणसे ओट्यावरून म्हणतात, "हकाल दे उसे, कपडे नापाक होते." पिल्लू तेवढ्यात शिकून घेते : लहान माणूस, धावती पावले, उगारलेला हात म्हणजे दुखणे. पुढच्या वर्षी तेच कुत्रे मदरशाला पळत निघालेल्या मुलाच्या अंगावर जाते. सगळीच कुत्री यामुळे चावतात असे नाही. पण भ्यालेले कुत्रे चावण्याची शक्यता जास्त, हे नक्की.

राहिला प्रश्न नापाकीचा. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी मसलक मानतात. त्यात कुत्र्याची लाळ नापाक आहे; लागली तर धुवायची. हा धुण्याचा नियम आहे, मारण्याचा नाही. घरात कुत्रे ठेवू नये म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. मी गल्लीतल्या पिल्लाविषयी बोलते आहे. सूरह कहफमध्ये गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेले कुत्रे आहे. सूरह माइदामध्ये शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांनी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. आणि तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. ती आपण मुलांना पाठ करायला लावतो आणि दगड उचलला की मात्र गप्प बसतो.

करायचे काय? आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळतानाच दात किती जोरात लावायचे ते कळते. व्यालेल्या कुत्रीजवळ मुलांना जाऊ देऊ नये. पिल्ले हिंडू लागली की मोठ्या माणसाने मुलांना थोडे लांब बसवावे. पिल्लाला स्वतःहून येऊ द्यावे. धरू नये, उचलू नये. टोपीवाला, बुरखेवाली, काठी टेकणारे आजोबा, मोटारसायकल, लग्नाचा बँड हे सगळे त्याला लांबून, मार न खाता दिसू द्यावे. खाणे एकाच ठिकाणी, दारांपासून आणि मशिदीच्या वाटेपासून दूर द्यावे. मुलांनी कुत्र्यासमोर पळू नये, त्याच्याकडे टक लावून पाहू नये, खाताना त्याला छेडू नये.

"अशाने कुत्री वाढतील," असे कोणी म्हणेल. म्हणूनच तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि पुढे नसबंदी हवी. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे. मोहल्ल्याने मिळून अर्ज द्यावा. माणसाळलेले कुत्रे पकडायलाही सोपे जाते. बिथरलेले कुत्रे गाडी दिसताच पळते आणि वर्षाला पुन्हा पिल्ले घालते.

एवढे करूनही चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर तिखट-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही.

माझ्या वर्गातली काही मुले कुत्र्यांच्या भीतीने लांबच्या वाटेने शाळेत येतात. त्यांची भीती खोटी नाही. पण यंदा गल्लीत जन्मलेली पिल्ले पुढच्या वर्षी कशी वागतील, हे येत्या दोन-तीन महिन्यांत ठरणार आहे, आणि ते ठरवणारे आपणच आहोत.